नवी जनुकीय चाचणी आली की समुपदेशकानं आधी काय शिकावं

प्रयोगशाळेचा प्रतिनिधी नव्या चाचणीचं माहितीपत्रक ठेवून गेला की मी ते शेवटच्या पानापासून वाचते. पहिल्या पानावर जनुकांची संख्या असते आणि हसरं बाळ असतं. ही चाचणी काय ओळखू शकत नाही, ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं. आपली निम्मी तयारी त्या बारीक अक्षरात आहे, असं माझं मत आहे.

मी पुण्यात जनुकीय समुपदेशक म्हणून काम करते आणि महिन्यातून एकदा मिरजेला ओपीडी घेते. सुरुवात केली तेव्हा कॅरिओटाइप (सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं बघणं), फिश (चमकत्या खुणेनं गुणसूत्राचा ठरावीक भाग शोधणं) आणि एमएलपीए (जनुकाच्या तुकड्यांच्या प्रती मोजणं) एवढ्यावर भागायचं. मग गुणसूत्रांतले कमी-जास्त झालेले बारीक तुकडे शोधणारी मायक्रोॲरे आली, ठरावीक जनुकं एकदम वाचणारी पॅनेल आली, एक्झोम आलं. आता संपूर्ण जीनोम (म्हणजे सगळा डीएनए) आणि लाँग-रीड सिक्वेन्सिंग (डीएनए लांब तुकड्यांत वाचणं) यांच्या जाहिराती येतात. नव्यानं एमएस्सी करून आलेल्या मुली विचारतात, "मॅडम, दर सहा महिन्यांनी सगळं बदलतं, आम्ही वाचायचं तरी काय काय?" हे त्यांच्यासाठी लिहिलं आहे. एक्झोम लिहून देणाऱ्या बालरोग आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी वाचलं तर चांगलंच.

आधी एक वही करा

वहीत प्रत्येक चाचणीला एक पान द्या आणि त्यावर फक्त तिला काय दिसत नाही ते लिहा. वर तारीख टाका, कारण हे बदलत राहतं.

एक्झोमचं पान माझ्या वहीत सर्वांत भरलेलं आहे. एक्झोम म्हणजे सुमारे वीस हजार जनुकांचे प्रथिनं बनवणारे भाग. आपल्या डीएनएच्या तीनशे कोटी अक्षरांपैकी जेमतेम दीड टक्का. बहुतेक आनुवंशिक आजारांचं कारण त्याच दीड टक्क्यात सापडतं, म्हणून चाचणी उपयोगी. पण अंग एकदम सैल असलेलं, मान न धरणारं चार महिन्यांचं बाळ समोर आलं आणि कुणी थेट एक्झोम पाठवलं, तर मी फोन उचलते. अशा बाळात पहिला संशय स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफीचा, म्हणजे स्नायू दुबळे करत नेणाऱ्या एसएमएचा. त्यात सुमारे ९५ टक्के रुग्णांमध्ये एसएमएन१ जनुकाच्या दोन्ही प्रतींतला सातवा एक्झॉन (जनुकाचा एक तुकडा) गायब असतो. शेजारीच एसएमएन२ नावाचं जवळपास हुबेहूब जनुक आहे. नेहमीचं सिक्वेन्सिंग शे-दीडशे अक्षरांचे तुकडे वाचतं आणि हा तुकडा यातला की त्यातला, हे त्याला ठरवता येत नाही. एकाच वाड्यातल्या जुळ्या भावांची पत्रं नुसत्या आडनावानं आली तर पोस्टमननं काय करावं? एमएलपीए मात्र थेट प्रती मोजते, एक्झोमपेक्षा बरीच स्वस्त आहे आणि उत्तर लवकर देते. काही प्रयोगशाळा आता एक्झोममधूनही एसएमएन१ची मोजदाद देतात. आपली देते का, हे मेलवर लेखी विचारा. फोनवरचं "हो मॅडम, सगळं कव्हर होतं" वहीत लिहायचं नाही.

डीएमडीचं, म्हणजे मुलग्यांचे स्नायू झिजवणाऱ्या ड्युशेन आजाराचंही असंच. सुमारे दोन तृतीयांश मुलांमध्ये ७९ एक्झॉनपैकी एक किंवा अनेक गायब असतात. तिथं एमएलपीए आधी. ती कोरी आली तर मग सिक्वेन्सिंग. फ्रॅजाइल एक्स या बौद्धिक वाढ मंदावणाऱ्या आजारात तीन अक्षरांची पुनरावृत्ती दोनशेच्या वर गेलेली असते, ती साध्या एक्झोमला दिसत नाही. बोलायला उशीर आणि स्वमग्नतेची लक्षणं म्हणून आलेल्या मुलाचा एक्झोम "नॉर्मल" आला आणि फ्रॅजाइल एक्सची तपासणी झालीच नाही, अशा फायली माझ्याकडे येत राहतात. हंटिंग्टन हा मेंदूचा आजार आणि बरेचसे ॲटॅक्सिया, म्हणजे तोल जाण्याचे आजार, याच गटातले.

मायक्रोॲरेच्या पानावर एकच गोष्ट ठळक लिहा: समतोल ट्रान्सलोकेशन (काही कमी-जास्त न होता गुणसूत्रांच्या तुकड्यांची झालेली अदलाबदल) तिला दिसत नाही. दोन-तीन गर्भपात झालेल्या जोडप्याला आजही साधा कॅरिओटाइपच लागतो. चौदा आणि एकवीस क्रमांकाची गुणसूत्रं एकमेकांना चिकटलेला माणूस ठणठणीत असतो, मायक्रोॲरे त्याला पास करते, आणि त्रास पुढच्या पिढीत दिसतो. जुनी चाचणी म्हणून कॅरिओटाइपकडे नाक मुरडणारे तरुण डॉक्टर भेटतात. त्यांना हे उदाहरण पुरतं.

थॅलेसेमिया आणि सिकलसेलला तर मी आधी सीबीसी आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) याच मागते. शेकडो जनुकांची वाहक-तपासणी (स्वतः निरोगी, पण बिघडलेली प्रत बाळगणारे ओळखणं) करून आलेल्या जोडप्याकडे कधीकधी साधा हिमोग्लोबिन ए२चा आकडा नसतो. तो ३.५ टक्क्यांच्या वर असला की थॅलेसेमियाचा वाहक शोधण्याचं निम्मं काम तिथंच झालेलं असतं. नंदुरबार, गडचिरोलीत काम करणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही. २०२३ मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान अशाच साध्या तपासण्यांवर उभं आहे.

वंशावळ काढताना

मिरजेच्या ओपीडीत "लग्न नात्यातलं आहे का?" असं विचारलं तर दहातले बरेच जण "नाही" म्हणतात. मग "तुमची सासू तुमची कोण लागते?" विचारलं की उत्तर येतं, "आत्याच की!" मामाच्या मुलीशी लग्न हा त्यांच्या लेखी रीतीचा भाग आहे, 'नात्यातलं' म्हणण्यासारखं त्यात काही नाही. म्हणून प्रश्न असा विचारा: लग्नाआधी दोघांची घरं एकमेकांना ओळखत होती का? तुमचं आजोळ कुठलं, त्यांचं कुठलं? दोघांच्या आजोळची गावं शेजारी असली आणि आडनावं जुळली तर पेन्सिलीनं तुटक रेघ काढून ठेवा.

हे जीनोमच्या काळात जास्त महत्त्वाचं झालंय. रिपोर्टमध्ये एखादा बदल दोन्ही प्रतींत सारखाच सापडला, तर त्याचा अर्थ लावताना ही तुटक रेघ लागते. समाज विचारतानाही अवघडू नका, पण कारण आधी सांगा. "काही समाजांत काही बदल जास्त आढळतात, म्हणून विचारते; कागदावर दुसऱ्या कशासाठी जाणार नाही." सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत बीटा-थॅलेसेमियाचा ६१९ अक्षरांचा लोप आढळतो. अगरवाल समाजात एमएलसी१ जनुकातला एक ठरावीक बदल आहे, ज्यानं बाळाचं डोकं मोठं होत जातं आणि मेंदूचा पांढरा भाग बिघडतो. हे माहीत असलं तर तीस पानांच्या रिपोर्टमध्ये नजर कुठं आधी जायला हवी ते कळतं.

रक्त काढण्याआधीची बैठक

पूर्वी आमचं खरं काम रिपोर्ट आल्यावर सुरू व्हायचं. आता ते आधीच उरकावं लागतं. एक्झोममध्ये प्रत्येक माणसात वीस-पंचवीस हजार बदल सापडतात. त्यातून कामाचा एखादा काढायचा म्हणजे उत्तरं चार तऱ्हेची येऊ शकतात: कारण सापडलं, काहीच नाही सापडलं, सापडलं पण अर्थ लागत नाही, किंवा शोधत होतो ते राहिलं बाजूला आणि भलतंच सापडलं. ही चारही उत्तरं रक्त काढण्याआधी तोंडी सांगा, आणि समोरच्याला परत सांगायला लावा. मी म्हणते, "काकू, घरी गेल्यावर आजोबांनी विचारलं डॉक्टर काय म्हणाल्या, तर काय सांगाल?" त्या जे सांगतात त्यावरून मला कळतं, आपण किती पोचलो.

भलतंच सापडण्याचा विषय बहुतेक जण संमतिपत्रात एका खुणेवर उरकतात. तसं करू नका. भलतंच सापडलं तरी कळवावं, अशा जनुकांची अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल जेनेटिक्सची यादी २०१३ मध्ये ५६ जनुकांची होती, २०२३ च्या आवृत्तीत ती ८१ झाली. स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेली बीआरसीए जनुकं त्यात आहेत, अचानक हृदय थांबवणारे आजार आहेत. मुलाच्या आकडीसाठी रक्त दिलं आणि आईला स्वतःच्या कर्करोगाची जोखीम कळली, हे शक्य आहे. हवंय का, हे तिनं ठरवायचं, आणि ठरवायला एक रात्र तरी द्यायची.

आई, वडील आणि मूल अशी त्रिकूट-तपासणी असेल तर रक्ताचं नातं जुळत नसल्याचंही दिसू शकतं. हे मी दोघांना एकत्र, सर्वांना सांगते त्याच सुरात सांगते: "या तपासणीत पालकत्वाबद्दलही माहिती कळू शकते." नंतर आईला काही विचारायचं असेल तर माझा नंबर तिच्याकडे असतो. शिवाय वजन, मागच्या बाळंतपणांची माहिती असं काहीतरी नोंदवायचं निमित्त काढून बाईंना दहा मिनिटं एकटीनं भेटायचं, हे मी नेमानं करते. आपल्याकडे दोषाचं गाठोडं सुनेच्या डोक्यावर ठेवायला फार वेळ लागत नाही. डीएमडीसारखा आजार आईच्या एक्स गुणसूत्रावरून येतो म्हटलं की सासूबाई वळून सुनेकडे बघतात. तेव्हा लगेच सांगावं लागतं, "आजी, दर तीनातल्या एका मुलात हा बदल नव्यानंच घडतो, आई वाहक नसतेच. आणि वाहक असली तरी तिनं काही केलेलं नाही. वडिलांकडूनही असंच बरंच काही येतं, आज त्याची पाळी नाही एवढंच." शेवटचं वाक्य ऐकून आजोबा हसले की खोलीतला ताण जरा उतरतो.

'अर्थ न लागलेला' बदल

व्हीयूएस म्हणजे ज्याचं महत्त्व ठरलेलं नाही असा बदल. त्याच अमेरिकन कॉलेजच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बदलांचे पाच वर्ग केले: रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. 'बहुधा' म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त खात्री. मधला वर्ग त्यामुळे भलताच रुंद आहे, आणि आपल्या रुग्णांचे बदल त्यात जास्त अडकतात, कारण तुलनेसाठीचे मोठे संग्रह बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. तिथं 'दुर्मीळ' वाटणारा बदल सोलापुरात सर्रास असू शकतो. सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या इंडिजेन प्रकल्पातले १,०२९ भारतीयांचे जीनोम आणि जीनोम इंडिया या राष्ट्रीय प्रकल्पाचे सुमारे दहा हजार यामुळे परिस्थिती सुधारते आहे. प्रयोगशाळेनं भारतीय संग्रहात बदल पडताळला का, हा प्रश्न प्रत्येक व्हीयूएसमागे विचारा.

शिकण्यासाठी एमवायबीपीसी३ जनुकातला २५ अक्षरांचा लोप घ्या. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेसह अनेक संस्थांच्या गटानं २००९ मध्ये दाखवलं की तो भारतात सुमारे ४ टक्के लोकांत आहे आणि हृदयाच्या स्नायूच्या आजाराशी जोडलेला आहे. चार टक्के म्हणजे एका भरलेल्या एसटीत दोघे. पुढच्या संशोधनात दिसलं की जोखमीचा मोठा भाग त्याच जनुकातल्या दुसऱ्या एका बदलाकडे जातो, आणि तो बदल हा लोप असलेल्यांपैकी थोड्यांतच असतो. म्हणजे एकाच ओळीचा अर्थ दहा वर्षांत बदलला. तुमच्या रुग्णाच्या रिपोर्टमध्ये ही ओळ आली तर काय सांगाल, याचा सराव करा. मी सांगते: हृदयाची टूडी इको करून घेऊ, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का ते विचारू, आणि एवढ्या एका ओळीवर कुणाचं लग्न मोडायचं नाही.

व्हीयूएसवर गर्भाबद्दलचा निर्णय घ्यायचा नाही, हा माझ्या खोलीतला नियम आहे. आई-वडिलांची त्या एका बदलासाठी सँगर तपासणी (डीएनएचा तेवढाच छोटा तुकडा वाचणारी) करा. आजार दोन्ही प्रती बिघडल्यावर होणारा असेल, तर दोन बदल एकाच पालकाकडून आले की दोघांकडून एकेक, यानं सगळं चित्र पालटतं.

गरोदरपणात तारखा आधी मांडा

इथं ज्ञानाआधी कॅलेंडर लागतं. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी एकोणिसाव्या आठवड्यात झाली, दोष दिसला, विसाव्यात गर्भजल काढलं, एक्झोमला दोन ते चार आठवडे. बाविसावा ते चोविसावा आठवडा आलाच. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपात कायद्यानं २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, २० ते २४ मध्ये ठरावीक परिस्थितींत दोघांचं, आणि २४ नंतर गर्भातल्या गंभीर दोषासाठी राज्यानं नेमलेल्या वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. रिपोर्टची तारीख विचारल्याशिवाय नमुना पाठवू नका, आणि मंडळाकडे जाण्याचे कागद रिपोर्टची वाट न पाहता तयार ठेवा.

एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तातून बाळातले गुणसूत्रदोष चाळणारी चाचणी, तिच्याबद्दल एक हिशेब पाठ करा. पंचविशीतल्या हजार गर्भवतींमध्ये डाऊन सिंड्रोमचं बाळ साधारण एकीला असतं. चाचणी चुकून बोट दाखवते, तेही हजारात साधारण एकीकडे. म्हणजे या वयात 'हाय रिस्क' आलेल्या दोघींतल्या एकीचं बाळ निरोगी असतं. चाळिशीत मात्र तोच रिपोर्ट बहुतेक वेळा खरा ठरतो. रक्तातला हा डीएनए वारेतून येतो, थेट बाळातून येत नाही. म्हणून गर्भजल तपासणीशिवाय पुढचं पाऊल नाही. हा हिशेब मी कागदावर दहा-दहाच्या ओळींत ठिपके काढून दाखवते.

गर्भलिंगनिदान रोखणारा पीसीपीएनडीटी कायदा जुना, १९९४ चा, पण नव्या चाचण्यांत तो पावलोपावली येतो. समुपदेशन केंद्राची नोंदणी, तिथल्या नोंदींचा फॉर्म डी, गर्भजल काढताना संमतीचा फॉर्म जी. संमती बाईला समजणाऱ्या भाषेत आणि तिची प्रत तिच्या हातात, हेही त्याच कायद्यात आहे. इंग्रजी संमतिपत्रावर अंगठा घेणं म्हणून चालत नाही. आणखी एक बारकावा: एक्स गुणसूत्रावरच्या आजारात गर्भ 'वाहक' आहे असं लिहिलं की मुलगी आहे हे सांगितल्यासारखंच झालं. रिपोर्ट 'बाधित' किंवा 'बाधित नाही' एवढ्यावर थांबायला हवा. परदेशातल्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट येणार असेल तर हे आधी कळवा, कारण त्यांच्या नेहमीच्या नमुन्यात लिंग सहज छापलेलं असतं.

घरपोच किट आणि गुणांकन

थुंकी पाठवून 'हृदयविकाराची जोखीम शंभरातल्या ७२ जणांहून जास्त' असे रिपोर्ट घेऊन लोक येतात. अनेक जनुकांची बेरीज करून काढलेले हे गुण मुख्यतः युरोपीय लोकांच्या माहितीवर बेतलेले आहेत. आपल्यावर ते कमी नेमके लागतात. मी साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि वडिलांना कितव्या वर्षी झटका आला ते विचारते. यावर जास्त वेळ घालवू नका. मात्र त्या किटमध्ये बीआरसीएसारखं काही आलं असेल, तर ते वैद्यकीय प्रयोगशाळेत नव्या नमुन्यावर पुन्हा तपासल्याशिवाय शस्त्रक्रियेची भाषा कुणी करू नये.

वाचायचं कसं

प्रत्येक नवा शोधनिबंध वाचणं कुणालाच जमत नाही. आठवड्याला एक जुना रिपोर्ट घ्या, निष्कर्षावर कागद ठेवा आणि तो बदल स्वतः वर्गात बसवून बघा. क्लिनव्हार, ओमिम, जीनरिव्ह्यूज, नोमॅड ही जनुकीय माहितीची संकेतस्थळं सगळी फुकट आहेत. मग कागद काढा. तुमचं आणि प्रयोगशाळेचं जुळलं नाही तर त्यांना मेल करा. चांगल्या प्रयोगशाळेत अशा मेलला उत्तर येतं, आणि ते कसं येतं त्यावरून प्रयोगशाळेची पारख होते. जमलं तर आठवडाभर एखाद्या प्रयोगशाळेत बसा. बायोइन्फॉर्मेटिक्सवाली, म्हणजे संगणकावर हे बदल चाळणारी मंडळी गाळणी लावताना काय काय फेकून देतात हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की 'निगेटिव्ह' शब्द तुम्ही जपून वापराल.

उपचारांचंही एक पान ठेवा. एसएमएचं निदान पूर्वी फक्त पुढच्या गरोदरपणासाठी उपयोगी पडायचं; आता जनुकोपचार आहे, तोंडानं घ्यायचं औषध आहे, आणि एसएमएन२च्या प्रती किती यावर बरंच ठरतं. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली उत्कृष्टता केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत मदत मिळते. आपल्याकडे मुंबईचं केईएम रुग्णालय असं केंद्र आहे. जनुकोपचाराच्या सोळा कोटींच्या इंजेक्शनपुढे ती रक्कम अपुरी आहे, हे पालकांना ठाऊक असतं. तरी अर्ज कुठं करायचा हे त्यांना तुमच्याकडूनच कळायला हवं.

रिपोर्ट दिल्यानंतर

उत्तर न सापडलेल्या एक्झोमची माहिती वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा चाळली तर शंभरातल्या सुमारे दहा कुटुंबांना नव्यानं उत्तर मिळतं. तेव्हा नमुना पाठवतानाच कच्ची माहिती कुटुंबाला देणार का आणि पुनर्तपासणीचे पैसे किती, हे विचारून घ्या. फाइलवर 'पुन्हा बघणे' असा महिना-वर्ष लिहा. दोन मोबाइल नंबर घ्या, त्यातला एक माहेरचा. सिमकार्ड बदलतात, मामाचा नंबर सहसा टिकतो.

आणि कुटुंबाला मराठीत एक पानी पत्र द्या. कोणती चाचणी केली, काय सापडलं, ती चाचणी काय बघत नाही, घरातल्या कुणी तपासून घ्यावं, पुन्हा कधी यायचं. बदलाचं इंग्रजी नाव जसंच्या तसं, रिपोर्टवरून बघून उतरवा. एक अक्षर चुकलं तर पुण्यात तपासलेल्या मुलीच्या चुलतबहिणीचं रक्त नागपुरात वेगळ्याच जागेसाठी तपासलं जाईल. पत्राचा फोटो त्यांच्याच फोनवर तिथल्या तिथं काढायला लावा. घरचा कागद हरवला तरी फोनमधली प्रत सापडते.